शिक्षणहक्क आणि शुल्कप्रतिपूर्ती

निरनिराळ्या आर्थिक स्तरांतील मुले एकाच वर्गात शिकावीत, यासाठी 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतील, अल्पसंख्याक संस्था वगळता, प्रवेशस्तरावरील किमान 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखल्या असून, त्यांचा खर्च शासन शाळेला परत करते. यालाच शुल्कप्रतिपूर्ती म्हणतात. शासनाचा प्रतिविद्यार्थी खर्च आणि शाळेचे प्रत्यक्ष शुल्क यांपैकी कमी असेल तीच रक्कम मिळते. शासकीय किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना वगळणारी फेब्रुवारी 2024 ची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये रद्द केल्याने, इंदापूर तालुक्यातील अंथुर्णेसारख्या गावांतील पात्र पालकांना, घराजवळ जिल्हा परिषदेची शाळा असली तरी, परिसरातील अशा खासगी शाळेसाठी अर्ज करता येतो.