रिक्षात किती मावतं, यानात किती मावतं

अंधेरी स्टेशनाबाहेरून सीप्झकडे जाणारी शेअर रिक्षा. परमिट तीन प्रवाशांचं. आता या तिघांपैकी एकाजवळ तांदळाची गोणी आहे आणि दुसऱ्याजवळ गुंडाळलेली गादी. गोणी जड, तरी पायाशी बसते. गादी हलकी, पण एका माणसाची जागा अडवते. सहा फुटी पाइप घेऊन कुणी आला, तर वजनाची अडचण नाही, पण पाइप रस्त्यावर डोकावणार.

विज्ञानकथेवरच्या रोल-प्लेइंग खेळांत हाच प्रश्न अंतराळात पडतो. खेळाडू पात्रं होतात, फासे टाकत गोष्ट पुढे नेतात, आणि यानात कोण आणि काय न्यायचं यावर अडतात.

'ट्रॅव्हलर' हा मार्क मिलर यांचा खेळ 1977 साली अमेरिकेत आला. त्यात यान टनांत मोजतात, पण हा टन जागेचा आहे. एक टन द्रवरूप हायड्रोजनला लागते तेवढी, म्हणजे सुमारे 14 घनमीटर जागा. आपली रिक्षा लांबी-रुंदी-उंची धरून पावणेसहा घनमीटरांच्या आसपास भरते. म्हणजे हिशेबाने एका टनात दोन रिक्षा मावतात आणि वर जागा उरते!

या खेळातलं छोटं टेहळणी यान 100 टनांचं. त्यातले 40 टन इंधनालाच जातात. चार केबिन, इंजिन, एक छोटं उडतं वाहन, आणि मालासाठी उरतात अवघे तीन टन. तरी हे झाले 42 घनमीटर. तिथे गाद्या भरल्या तर हरकत नाही. पण सलग लोखंड भरलं, तर वजन सव्वातीनशे टनांच्या पुढे जाईल. नुसती जागा मोजणाऱ्या नियमाला हा फरक दिसत नाही.

म्हणून खेळ चालवणाऱ्याने प्रत्येक वाहनापुढे तीन आकडे लिहावेत: माणसं किती, किलो किती, आणि दारातून जाणारी सर्वांत मोठी वस्तू केवढी. चालकाशेजारी चौथा माणूस कोंबला की रिक्षाचं हँडल नीट वळत नाही. खेळातही जास्तीच्या भाराची किंमत वेगाइतकीच वळण्यातून वसूल व्हावी.

मग पाचवा माणूस यानाच्या दाराशी आला, की खेळाडूंना खरंच ठरवावं लागेल: औषधांच्या पेट्या उतरवायच्या, सुटं इंजिन, की ते छोटं वाहन?