पदवीनंतरचे शिक्षण आणि रुग्णाचा हात



कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. त्या काळी पक्षाघाताच्या रुग्णाला चांगल्या हाताने काम भागवण्यास शिकवणे हाच राजमार्ग होता. पुढे एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांना माकडांवरील प्रयोगांत निराळेच आढळले. दुर्बल अवयव वापरताना सुरुवातीला वारंवार अपयश येते, म्हणून प्राणी तो वापरणेच सोडतो. नंतर शक्ती काहीशी परतली तरी सवय परतत नाही. यावरून उलटा उपचार निघाला. चांगला हात जाड मोज्यात अडकवून ठेवायचा आणि दुर्बल हाताकडून दोन आठवडे, दिवसाला सहा तासांपर्यंत, सराव करून घ्यायचा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक्साइट’ चाचणीत, हातात थोडी हालचाल शिल्लक असलेल्या २२२ रुग्णांवर तो पडताळला गेला; सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती.

संशोधन नेहमी उत्साहाच्याच बाजूने कौल देते असे नव्हे. रुग्णाला जितक्या लवकर व जितके जास्त चालवावे तितके हितकर, ही समजूत सर्वत्र रूढ होती. २०१५ च्या ‘अ‍ॅव्हर्ट’ चाचणीत पाच देशांतील ५६ रुग्णालयांचे २१०४ रुग्ण होते. पहिल्या २४ तासांतच अधिक प्रमाणात उठवलेल्यांपैकी ४६ टक्के तीन महिन्यांनी बऱ्यापैकी स्वावलंबी झाले. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हेच प्रमाण ५० टक्के होते. अंथरुणाला खिळवून ठेवा असा याचा अर्थ नाही. घाई व अतिरेक टाळा, एवढाच आहे. दुकानात जुना झालेला माल निदान नजरेस तरी पडतो. जुने झालेले ज्ञान मात्र पदवीच्या चौकटीत नवेच दिसत राहते!

महाराष्ट्र वैद्यक परिषदेने डॉक्टरांना पाच वर्षांत ३० गुणांक मिळवणे आवश्यक केले, ते योग्यच झाले. परंतु केवळ सभा-व्याख्यानांनी प्रत्यक्ष उपचारांत अल्पच बदल होतो, असे ‘कॉक्रेन’च्या संशोधन-आढाव्यात दिसते. हाताचे कसब अनुभवी व्यक्तीच्या शेजारी, रुग्णासमोर उभे राहूनच अंगी येते. त्यासाठी फिजिओथेरपिस्टला आठवडाभर मोकळीक हवी, त्या काळात बदली माणूस हवा आणि पगारही चालू हवा. खाटा, यंत्रे व इमारती यांसाठी दाते सहज पुढे येतात. धर्मादाय रुग्णालयांच्या अंदाजपत्रकात या शिक्षणाचेही एक स्वतंत्र खाते उघडले जावे.