भाड्याचा फळा

(बंगळूर येथील शिवाजीनगरमध्ये मराठी भाषिक शिक्षकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण येथे येताना रसेल मार्केटच्या आसपास उभ्या असलेल्या रिक्षा पाहिल्या असतील. त्यांतील कित्येक चालकांची रिक्षा स्वतःची नसते. दिवसाचे भाडे मालकाच्या हातावर ठेवून उरेल ते ते घरी नेतात. उद्या मालकाने भाडे वाढविले तर चालकाच्या पोटाला चिमटा बसेल, हे उघड आहे. परंतु या शहराच्या गल्लीबोळांची जी माहिती त्याने वीस वर्षांत मिळविली, ती मालकाला काढून घेता येत नाही. शिक्षकाच्या हाती अलीकडे जी डिजिटल साधने आली, त्यांच्या मालकांना मात्र तेही करता येते. आजचा विषय हाच आहे.

२०२० च्या मार्चमध्ये देशभरातील शाळा बंद झाल्या आणि कंपन्यांनी आपली दारे सताड उघडली. झूमने मोफत सभांवरील चाळीस मिनिटांची मर्यादा काही देशांतील शाळांपुरती उठविली. गूगलने वर्ग मुद्रित करून ठेवण्याची सशुल्क सोय काही महिने विनामूल्य दिली. मुदत संपली आणि ती सोय पुन्हा पैसे भरणाऱ्यांपुरती उरली. त्यानंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने शिक्षणसंस्थांसाठीच्या अमर्याद साठ्याचा शब्द मागे घेतला. साऱ्या संस्थेला मिळून १०० टेराबाइट, त्यापुढे पैसे, असा नियम जुलै २०२२ पासून जुन्या ग्राहकांनाही लागू झाला. मायक्रोसॉफ्टनेही १ ऑगस्ट २०२४ पासून शाळांना मिळणारी एक विनामूल्य योजना बंद केली. त्या योजनेत वर्ड, एक्सेल ही साधने शिक्षकाच्या संगणकावर उतरवून वापरता येत होती. आता पैसे न भरणाऱ्याने ती इंटरनेटवरच वापरावीत, असे ठरले.

साठ्याला यंत्रे लागतात, यंत्रांना वीज लागते, हे मला मान्य आहे. फुकट काहीच चालत नाही. माझा आक्षेप निराळा आहे. विनामूल्य काळात लक्षावधी शिक्षकांनी रात्री जागून प्रश्नपत्रिका, आकृत्या, स्वाध्याय त्या घरात रचून ठेवले. भाडे ठरविण्याची वेळ आली तेव्हा मालकाच्या बाजूला केवळ साधन नव्हते. शिक्षकाचे साठलेले श्रमही होते. घासाघीस करायची तरी कोणत्या बळावर?

निपाणीकडच्या एका शिक्षिकाबाईंनी मला आपला अनुभव सांगितला. त्या मराठी माध्यमात गणित शिकवतात. मराठी माध्यमाच्या, त्यातही कर्नाटकातील मराठी शाळांच्या मुलांसाठी बाजारात तयार साहित्य फारसे नाही, कारण तेथे नफा नाही. म्हणून त्यांनी जॅमबोर्ड या गूगलच्या डिजिटल फळ्यावर भूमितीचे धडे स्वतः रचले. मुले त्यावर बोटाने रेघा ओढीत, चुकत, पुसत. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या फळ्यावर लिहिणे बंद झाले आणि ३१ डिसेंबर २०२४ रोजी तो मिटला. पीडीएफ करून ठेवण्याची सोय होती, हे खरे. बाई म्हणाल्या, "दादा, पीडीएफ म्हणजे फळ्याचा फोटो. फोटोवर मुलगा उदाहरण कसे सोडवणार?" शैक्षणिक वर्ष मध्यावर होते.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांची स्थिती याहून बिकट आहे. खाते संस्थेच्या नावाचे असते. करार संपतो, खाते बंद होते आणि चार वर्षांच्या टिपणांना कुलूप लागते. पुढच्या वर्षी तीच टिपणे दुसरा कोणी कमी मानधनावर वाचून दाखवितो. जेथे संस्था वर्गणी भरत नाही, तेथे हाच शिक्षक आपल्या खिशातून दरमहा पैसे भरतो, म्हणजे नोकरी करण्यासाठी स्वतःच भाडे मोजतो. गिरणी कामगाराला कोणी माग घरून आणायला सांगितला नव्हता.

आपल्या याच शहरातील बायजूसची कहाणी सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पालकांना कर्ज काढून वर्गणी घ्यायला लावल्याच्या तक्रारींवरून राष्ट्रीय बालहक्क आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या प्रमुखांना पाचारण केले. जुलै २०२४ मध्ये कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या बंगळूर पीठाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई दाखल करून घेतली. मुलांचे धडे आणि शिकविणाऱ्यांचे पगार एकाच फुग्याला बांधलेले होते.

केरळमध्ये शिक्षकांनी हा धोका फार आधी ओळखला. तेथे या शतकाच्या आरंभी शाळांत संगणक शिक्षण सुरू झाले, तेव्हा ते एकाच कंपनीच्या प्रणालीवर बेतलेले होते. शिक्षक संघटनेने त्याला विरोध केला. पुढे शासकीय आयटी@स्कूल प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरवर आला. त्यासाठी हजारो शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे लागले, शाळाशाळांत दुरुस्ती जाणणारी माणसे तयार करावी लागली. मूडल, बिगब्लूबटन, जित्सी ही साधने वापरायला कोणाची परवानगी लागत नाही, पण ती चालवायला माणूस लागतो आणि त्या माणसाला पगार लागतो. आपले काही उत्साही मित्र हा भाग सांगायचे विसरतात.

तेव्हा मागणी नेमकी असावी. वर्गणी संस्थेने भरावी, शिक्षकाने नव्हे. शैक्षणिक वर्षाच्या मध्ये अटी बदलू नयेत, अशी तरतूद शासनाने खरेदीच्या करारातच घालावी. शिक्षकाने तयार केलेले साहित्य त्याला पुन्हा वापरता येईल अशा स्वरूपात, नोकरी सुटल्यावरही, बाहेर नेता आले पाहिजे. यातील तिसरी मागणी सर्वांत अवघड आहे, कारण तिला कंपनीइतकाच संस्थाचालकांचाही विरोध होईल.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने एक कागद आणावा. आपण कोणकोणती साधने वापरतो, त्यांचे पैसे कोण भरते आणि खाते उद्या बंद झाले तर आपले काय काय आत अडकेल, एवढे त्यावर लिहावे. ते कागद एकत्र करून निवेदनाला जोडावयाचे आहेत.