मतभेदांसह एक मंडळी

ख्रिस्ती मंडळीत एकोपा हवा तर सगळ्यांची मते एकसारखी व्हायला हवीत, असे पुष्कळांना वाटते. नागपूरचा इतिहास वेगळेच सांगतो. 29 नोव्हेंबर 1970 रोजी तिथे अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन अशा सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. बोलणी 1929 पासून चालली होती. अडत होते ते विशेषतः बाप्तिस्म्यापाशी. तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी घालायचे, की जाणत्या माणसाने स्वतः विश्वास कबूल करून पाण्यात उतरायचे? कुणी कुणाला नमवले नाही. दोन्ही रीतींना एकाच मंडळीत जागा मिळाली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

अशा तडजोडीने श्रद्धा पातळ होते, असा आक्षेप घेतला जातो. पण प्रेषितांचा आणि निकायाचा हे दोन्ही मतांगीकार नव्या मंडळीने स्वीकारले. गाभा शाबूत राहिला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एकीकरणानंतरही भांडणे थांबली नाहीत, जमीनजुमल्याचे वाद कोर्टात गेले. हे खरेच आहे. मात्र ते वाद बाप्तिस्म्यावरून नव्हते, मालमत्ता कुणाच्या ताब्यात यावरून होते. म्हणून मंडळीच्या पंचांनी उपासनेतल्या फरकांची धास्ती घेण्यापेक्षा वार्षिक सभेत जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा, आणि प्रश्न विचारणाऱ्याला विरोधक समजू नये.