लपवलेल्या सत्याला मुदत नसते



वसईकरांच्या वतीने मी या संमेलनात आपणा सर्वांचं स्वागत करते. दोन दिवस फक्त रहस्यकादंबरीवर बोलायचं, असं ठरवून लिहिणारे, छापणारे आणि वाचणारे एका मांडवाखाली बसले आहेत, याचा मला फार आनंद आहे. कुणी रात्रभर एसटीने आलं आहे, कुणी गोव्याहून कोकण रेल्वेने, तर कुणी नेहमीची विरार लोकल पकडून. दारात आपल्या हातात गुच्छाऐवजी सुकेळी ठेवली. आमच्या वाड्यांतली केळी सोलून उन्हात सुकवलेली ही वसईची जुनी गोडी आहे. ती गोड मानून घ्यावी.

पाहुण्यांना गावाची ओळख करून देण्याचा मान स्वागताध्यक्षाचा. या मातीत वाडवळी, सामवेदी, आगरी, कोळी अशा बोली पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या. २०२० साली उस्मानाबादला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वसईचे. पण आजच्या विषयासाठी मला इथल्या दोन वेगळ्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट घंटांची. १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेली वसई १७३९ साली चिमाजीअप्पांच्या फौजेने जिंकली. त्या विजयानंतर चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही पाहायला मिळतात. एखादं मूल अशा घंटेखाली उभं राहतं, तिच्यावरच्या अनोळखी खुणा न्याहाळतं आणि विचारतं, "आई, ही इथे कशी आली?" या एका प्रश्नात रहस्यकादंबरीचा आरंभ आहे. वस्तू सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. तिची हकीकत तेवढी कुणी विचारलेली नसते.

दुसरी गोष्ट जवळच्याच नालासोपाऱ्याची. तिथल्या एका उंचवट्याला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथे खणायला घेतलं आणि आत विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी होती. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती आठ बुद्धमूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून कुणीतरी ते प्राणपणाने जपले होते. हा ऐवज पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. जुन्या गुपितांवरच्या कादंबरीची बांधणी कशी असावी, हे मी या पेटीवरून शिकले. एक आवरण उघडलं की दुसरं लागतं, प्रत्येक आवरण आधीच्याहून मोलाचं वाटतं, आणि गाभ्यात हाती येतं ते कुणाच्या तरी आयुष्याचा भाग असलेलं काहीतरी साधं, मातीचं. खजिन्याशी येऊन थांबणारी कादंबरी वाचून होते आणि विसरली जाते. माणसापर्यंत पोहोचणारी राहते.

मी दिवाणी कोर्टात वकिली करते. वाटपाचे, वारसाचे दावे चालवते. सातबारा, फेरफार, हक्कसोडपत्र या कागदांत माझा दिवस जातो. वारसनोंद करताना बहिणीचं नाव गळतं, तिला कुणी सांगत नाही, आणि तिच्या नातवाला ते कळतं तेव्हा जमिनीवर इमारत उभी असते. दावा लावायला कायद्याने मुदत घालून दिलेली आहे, आणि ते योग्यच आहे, नाहीतर कुणालाच निर्धास्त झोप लागणार नाही. पण १९६३ च्या मुदत कायद्याचं सतरावं कलम मला फार मोलाचं वाटतं. लबाडी करून, दस्त दडवून एखाद्याला अंधारात ठेवलं असेल, तर मुदत मोजायची ती लबाडी त्याला कळल्यापासून, किंवा रास्त खटपट केली असती तर कळू शकली असती तेव्हापासून. दडवणाऱ्याला दडवण्याचा लाभ मिळू नये, आणि शोधणाऱ्यानेही हातावर हात ठेवून बसू नये, अशी दोन्ही तत्त्वं त्यात आहेत. गाडलेल्या गुपितांवरची प्रत्येक चांगली कादंबरी याच पायावर उभी असते. लपवलेलं सत्य जुनं झालं म्हणून बाद होत नाही, आणि ते आपणहून वरही येत नाही. कुणालातरी खणावं लागतं.

अगाथा ख्रिस्तीची १९४२ सालची 'फाइव्ह लिटल पिग्ज' पाहा. नवऱ्याच्या खुनाबद्दल शिक्षा झालेली बाई तुरुंगातच मरते. जाण्यापूर्वी मुलीसाठी पत्र लिहून ठेवते, की मी निर्दोष आहे. मुलगी एकविसाव्या वर्षी ते वाचते आणि गुप्तहेर पोवारोकडे येते. मध्ये सोळा वर्षं गेलेली आहेत. ताजा पुरावा कुठलाच उरलेला नाही. पोवारोच्या हाती फक्त पाच माणसांच्या आठवणी आहेत. तो त्या पाचही जणांकडून हकीकत लिहून घेतो आणि एकमेकींशी ताडून पाहतो. साक्षीदार खोटं न बोलताही चुकीचं कसं सांगतो, हे मला त्या कादंबरीने जितकं समजावलं तितकं कायद्याच्या कुठल्याही पुस्तकाने समजावलं नाही.

स्वीडनच्या स्टीग लार्सनची 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' २००५ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. १९६६ साली एका बेटावरून सोळा वर्षांची मुलगी नाहीशी झालेली असते. म्हातारा उद्योगपती जवळजवळ चार दशकं एकच प्रश्न उराशी धरून बसलेला असतो. दर वाढदिवसाला त्याच्याकडे दाबून सुकवलेलं एक फूल येतं. शोध पुढे सरकतो तो जुन्या फोटोंवरून: मिरवणुकीच्या गर्दीत सगळे एकीकडे बघताहेत, ती मुलगी दुसरीकडे. तिने काय पाहिलं? एवढ्या प्रश्नापायी आपण शेकडो पानं धावत सुटतो.

जोसेफिन टे हिच्या १९५१ च्या 'द डॉटर ऑफ टाइम'मध्ये पाय मोडून इस्पितळात पडलेला इन्स्पेक्टर खाटेवरूनच इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजावरच्या, पुतण्यांच्या खुनाच्या आरोपाची उलटतपासणी करतो. पुढे २०१२ साली लेस्टर शहरात वाहनतळाखाली खणताना त्या राजाची हाडं सापडली. हाडांनी खुनाचा निवाडा दिला नाही. पण शतकानुशतकं लोक ज्याच्यावरून चालत होते, तिथेच तो पडून होता. विल्की कॉलिन्सच्या १८६८ सालच्या 'द मूनस्टोन'ची मुळं तर आपल्याच देशात आहेत. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लुटीतून हिरा उचलला जातो आणि त्या लुटीचा जाब पुढच्या पिढीला विचारला जातो.

आता वेगाबद्दल. भराभर वाचली जाते म्हणून ही कादंबरी हलकी, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी आदराने सांगते की इथे वेग विषयातूनच येतो. जुनी घटना हलत नाही, पण ज्याने ती गाडली तो जिवंत असतो, प्रतिष्ठित असतो आणि सावध असतो. पहिली कुदळ पडली की त्याला आवाज ऐकू जातो. तिथून शर्यत लागते: शोधणारा आधी पोहोचतो की पुरावा आधी जळतो? म्हणून प्रकरणं आखूड होतात, आजचा काळ आणि तेव्हाचा काळ आलटूनपालटून येतात, उत्तराच्या उंबऱ्यावर प्रकरण संपतं. धावणाऱ्या वाचकाचं डोकं त्याच वेळी नोंद ठेवत असतं, की हा माणूस मघाशी वेगळं म्हणाला होता, ही तारीख जुळत नाही, हिला ही गोष्ट कळली कशी? विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर एका पायावर उभं राहून, दांडीला लटकत पुस्तक वाचणारा माणूस मी रोज पाहते. तो वेळ मारून नेत नाही. तो पुराव्याने विचार करण्याचा सराव करतो. अफवा झटकन पसरण्याच्या या काळात असा सराव असलेली माणसं समाजाला हवी आहेत.

मराठीने हा सराव फार आधी सुरू केला. गो. ना. दातारांनी इंग्रजी लेखक रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्या मराठी वेशात आणून वाचकाला पानाशी जखडून ठेवलं. ज्यांच्या टोपणनावातच आमचा अर्नाळा आहे, त्या बाबूराव अर्नाळकरांनी काळापहाड आणि झुंजार हे नायक घराघरांत पोहोचवले. अक्षरओळख होऊन शाळा सुटलेली किती माणसं त्यांच्या पुस्तकांमुळे वाचत राहिली, याची दखल साहित्याच्या इतिहासाने पुरेशी घेतलेली नाही. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास दिले, आणि संवादाला धार दिली. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला'मध्ये तर गुपित अक्षरशः जमिनीखालून निघतं: विज्ञानाच्या प्रयोगासाठी खोल खणताना लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो, आणि तो वापरावा की नाही हाच पेच होतो. हृषीकेश गुप्ते यांची 'दंशकाल' घरातल्या दडपलेल्या गोष्टींकडे न कचरता बघते. डॉ. प्रकाश कोयाडे यांच्या 'प्रतिपश्चंद्र'ने शिवकालीन रहस्याच्या मागे नव्या पिढीला पुस्तकाच्या दुकानापर्यंत आणलं.

इथे जमलेल्या तरुण लेखकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आपल्याकडे सामग्रीला तोटा नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले असंख्य कागद वाचणाऱ्याची वाट बघत आहेत. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं. धरणाखाली गेलेल्या प्रत्येक गावाबरोबर काही भांडणं, काही वचनं, काही अपराधही बुडालेले असणार. आणि तलाठ्याच्या दप्तरातल्या एका फेरफारावर कादंबरी उभी राहू शकते, हे मी वकील म्हणून खात्रीने सांगते. आपल्या घरांतली सर्वांत खोल गाडलेली गुपितं बहुधा बायकांची आहेत: नाव गाळलेल्या बहिणीची, माहेरी परत न आलेल्या लेकीची, फोटोतून कापून काढलेल्या काकूची. त्यांना न्याय देणारी वेगवान कादंबरी मराठीत हवी आहे.

एक जबाबदारीही सांगते. इतिहासावर रहस्य रचताना कल्पनेला मोकळीक असावी, पण खऱ्या समाजावर, खऱ्या माणसांवर पुराव्याशिवाय आळ येता कामा नये. वसईत देवळाची आणि चर्चची घंटा एकाच वाऱ्यावर ऐकू येते. जुनं उकरायचं ते समजून घेण्यासाठी, वैर जागवण्यासाठी नव्हे.

आणि वाचकांना एक विनंती. अर्नाळकरांच्या आणि त्यांच्या काळातल्या लेखकांच्या पुस्तिका स्वस्त कागदावर छापल्या गेल्या, भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांतून हातोहात फिरल्या आणि झिजून संपल्या. आपल्या माळ्यावर, ट्रंकेत एखादी उरली असेल तर रद्दीत देऊ नका. बाहेरच्या दालनात आम्ही अशा पुस्तकांचं प्रदर्शन मांडलं आहे आणि तिथेच त्यांची पानं स्कॅन करून घेण्याची सोय केली आहे. मूळ प्रत आपल्याकडेच राहील. पान फाटलेलं असलं, शेवट गहाळ असला तरी आणा. आज इथे हजर असलेल्या कुणाकडे तरी त्याच पुस्तकाची शेवटची पानं असू शकतील.

या दोन दिवसांत लेखकांच्या मुलाखती आहेत, अनुवादावर परिसंवाद आहे, न्यायवैद्यक तज्ज्ञांचं व्याख्यान आहे आणि उद्या सकाळी वसईच्या किल्ल्यात फेरी आहे. जेवणाच्या पंगतीत, राहण्याच्या सोयीत काही कमी पडलं तर संकोच न करता स्वयंसेवकांना सांगा. ही मुलं गेले कित्येक दिवस कॉलेज सांभाळून राबली आहेत. 

इथून परत जाताना प्रत्येकाने आपल्या घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारण्यासाठी एक प्रश्न सोबत न्यावा, आणि उत्तर लिहून ठेवावं, एवढं मागणं मागते. अध्यक्ष महोदयांनी संमेलनाचं कामकाज सुरू करावं, अशी नम्र विनंती करून माझं भाषण संपवते.

जय हिंद, जय महाराष्ट्र!