तिच्या उपचाराची बैठक तिच्याशिवाय नको
(जुन्नर-आंबेगावच्या महिला मंडळांपुढे केलेले भाषण)



कॅन्सरच्या मोठ्या रुग्णालयांत सर्जन, केमोथेरपीचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून उपचार ठरवतात. या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. पद्धत चांगली आहे, एकाच डॉक्टरच्या मतावर सगळं राहत नाही. पण जिच्या शरीराबद्दल बोलणं चालतं, ती बाई बहुधा बाहेर बाकावर असते.

स्तनाच्या कॅन्सरचंच घ्या. गाठ लवकर सापडली तर पुष्कळदा तेवढीच काढून स्तन वाचवता येतो. मात्र नंतर काही आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन घ्यावं लागतं. आहुप्याच्या किंवा आपटाळ्याच्या बाईने त्यासाठी पुण्यात राहायचं कुठे? भातलावणीचं काय? पोरांना कोण बघणार? याची उत्तरं तिच्याकडेच आहेत. ‘खेड्यातली आहे, जमणार नाही’ असं परस्पर धरून तिचा स्तन काढायचं ठरवणं हा अन्यायच.

दिल्लीतल्या एका खटल्यात रुग्ण बाई भुलीखाली असताना आईच्या संमतीने तिचं गर्भाशय काढलं होतं. सज्ञान बाईऐवजी आईची संमती चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं. मग नवऱ्याची, दिराची कशी चालेल?

म्हणून आपली मागणी अशी: बैठकीत तिला बसवा. ते होत नसेल तर आधी तिचं ऐका आणि ठरलेलं तिला मराठीत समजावून सांगा. मंडळातल्या एकीने तिच्यासोबत जावं. पर्याय कोणते, दिवस किती, खर्च किती, हे प्रश्न लिहून न्यावेत. उत्तरं मिळाल्यावरच तिने सही करावी.