उघड्या तारा आणि शटडाऊनचा हिशेब



रस्त्याच्या कामावर क्रेनची बूम विजेच्या तारेला लागून मजूर दगावला की चालकाच्या निष्काळजीपणावर बोट ठेवले जाते. क्रेन तारेखाली उभी करण्याचा निर्णय कोणाचा होता, हे क्वचितच विचारले जाते.

आपल्याकडील 11 व 33 केव्हीच्या बहुतेक तारा उघड्या आहेत. रस्ता ओलांडताना त्या जमिनीपासून किमान 6.1 मीटर उंच असाव्यात, असा नियम आहे. हौदा उचललेला मोठा डंपर किंवा कूपनलिकेचे यंत्र ही उंची सहज गाठते. त्यातच भराव टाकून रस्ता वर येतो. तारा जुन्याच उंचीवर राहतात.

केबिनमधला चालक आत बसून राहिला तर बहुधा वाचतो, कारण तो आणि यंत्र एकाच दाबावर असतात. ओझ्याला हात लावून ते जागेवर बसविणारा मजूर मात्र जमिनीवर उभा असतो आणि प्रवाह त्याच्या देहातून वाट काढतो. रबरी टायर तारतील, ही समजूत घातक आहे. कोरड्या मुरमाड जमिनीत फीडर बंद पडेलच असे नाही. पडला तरी तो आपोआप पुन्हा चालू होऊ शकतो.

खात्रीचा उपाय म्हणजे तार हलविणे, अथवा वाहिनी बंद करून, अर्थिंग करून, लेखी परवाना हाती आल्यावरच काम सुरू करणे. ते अशक्य असेल तेथे अंतर राखावे (अमेरिकेत क्रेनसाठी 50 केव्हीपर्यंत ते किमान 10 फूट आहे) आणि केवळ तारेवर नजर ठेवणारा माणूस नेमावा.

यात दुर्मिळ असे काहीच नाही. मग हे होत का नाही? क्रेनचे भाडे तासावर चढते. शटडाऊनची वाट पाहण्यातली खोटी कंत्राटदाराच्या खिशाला लागते, अपघाताचा मोठा भार मजुराच्या घरावर पडतो. मृत्यूची भरपाईही, 1923 च्या कायद्याने घालून दिलेल्या रीतीप्रमाणे, मासिक वेतनाच्या निम्म्याला वयाच्या गुणकाने गुणून ठरते. म्हणजे मजुरी जितकी कमी, तितका मृत्यू स्वस्त! अशा हिशेबात सावधगिरी बाळगणारा कंत्राटदार निविदेतच हरतो.

म्हणून तार हलविण्याचा व शटडाऊनचा खर्च निविदेत स्वतंत्र बाब म्हणून, सर्वांना सारख्याच दराने धरला जावा, ही मागणी संघटनांनी लावून धरली पाहिजे. आणि वायरमनच्या सहीचा परवाना कामाच्या जागी, मराठीत आणि हिंदीत, लागलेला दिसेपर्यंत तारेखालच्या यंत्राला कोणी हात लावू नये.